मी सांगेपर्यंत

उज्वलाचा चेहरा फार थोड्यांच्या लक्षात राहायचा. आवाज मात्र सगळ्यांच्या. इंदिरानगरच्या त्या मणक्याच्या दवाखान्याची पायरी चढण्याआधीच माणसाची तिच्याशी फोनवर ओळख झालेली असे. मग काउंटरशी आल्यावर लोक तिच्याकडे जरा अविश्वासानं बघत. "फोनवरच्या मॅडम त्या तुम्हीच का? आम्हाला वाटलं, चांगल्या उंचपुऱ्या असतील." उज्वला हसून मान हलवायची. उंच स्टूल नसतं तर काउंटरच्या पलीकडून ती दिसलीही नसती.

माहेर नांदगावचं. लहानपणापासून घाबरट म्हणून प्रसिद्ध. गॅस बंद केलाय का हे दोनदा बघणार, कुलूप ओढून पाहणार, निम्म्या रस्त्यातून परत येऊन पुन्हा एकदा ओढणार. लग्न होऊन नाशकात आली तेव्हा नवरा, अमित, अंबडच्या कंपनीत नुकताच लागला होता. चार वर्षांनी सासूबाईंची कंबर धरली. त्यांना घेऊन ती या डॉक्टरांकडे गेली. सर तेव्हा नवे होते. दोन खोल्या, एक टेबल आणि त्या टेबलावर सारखा वाजणारा फोन. सर आत पेशंट तपासत होते, बाहेर उचलायला कुणी नव्हतं. वाजता फोन ऐकत बसणं म्हणजे उज्वलाला दूध उतू जाताना बघत बसण्यासारखं. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा ती उठली आणि उचलला. पलीकडच्या माणसाचं नाव, गाव, कुठे दुखतं ते विचारून घेतलं आणि सर बाहेर आल्यावर घाबरत घाबरत सांगितलं. सर म्हणाले, उद्यापासून येता का?

त्या दोन खोल्यांचे आता तीन मजले झाले होते. पेशंट सरांच्या हाताखाली तासभर असायचा, फार तर दोन तास. त्याच्या आधी आणि नंतर तो या चौघांच्या हवाली. थिएटरमध्ये प्रतिभा सिस्टर. पट्टा बांधायला, अंग न पिळता कुशीवर कसं वळायचं आणि काठीशिवाय पहिलं पाऊल कसं टाकायचं ते शिकवायला महेश. झाडलोट, चहा आणि नातेवाइकांना दमात घेणं ही खाती तानुबाईंकडे. आणि फोन उज्वलाकडे.

त्यातला सगळ्यात जोखमीचा फोन म्हणजे गोळीचा. ज्याला कधी हृदयाचं दुखणं होऊन गेलेलं असतं, नळीत स्प्रिंग बसवलेली असते, तो माणूस रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घेत असतो. मणक्याच्या ऑपरेशनला ती चालत नाही; आत रक्त साकळलं तर नस दबते आणि माणसाचे पाय जातात. म्हणून हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ती गोळी ऑपरेशनच्या आधी काही दिवस थांबवायची आणि नंतर पुन्हा सुरू करायची. सर सांगायचे, उज्वला फोन करायची. एकदा एका गृहस्थांनी ऑपरेशनच्या दिवशी पहाटे सवयीनं ती गोळी घेतली, आणि टेबलापर्यंत गेलेला माणूस परत खोलीत आणावा लागला. सर कुणाला काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणंच उज्वलाला पुरे झालं. तेव्हापासून ती एक वाक्य ठरवून, जड आवाजात म्हणायची, "त्या गोळीला हात लावायचा नाही. मी सांगेपर्यंत."

माणसं हे वाक्य ऐकायची. सटाण्याची, नांदगावची, पंचवटीतली. सरांचं बोलणं दारातून बाहेर पडेपर्यंत निम्मं विसरणारी माणसंसुद्धा उज्वलाचं ते वाक्य घरी घेऊन जायची. तिला त्याचा थोडा अभिमानही होता, खोटं कशाला बोला.

चिंतामणकाका पंचवटीतले. घराणं रामकुंडावर यात्रेकरूंचं विधी-कार्य करणाऱ्यांचं. काका मात्र टपालखात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. चार पावलं चालले की त्यांचे पाय लाकूड व्हायचे. मग विजेच्या खांबाला धरून, वाकून, ते थोडा वेळ उभे राहायचे आणि पुढच्या खांबापर्यंत जायचे. येणारेजाणारे विचारत, काय शोधताय काका? तर म्हणत, तारुण्य. त्यांच्याही नळीत स्प्रिंग होती. गोळी बंद करायचा फोन उज्वलानं केला तेव्हा काकूंनी, मालिनीकाकूंनी, स्पीकर लावलेला होता. काका मागून म्हणाले, "मॅडम, कणा साहेबांच्या हातात, हृदय तुमच्या हातात. आम्ही आपले मोकळे." काकू त्यांना दटावून उज्वलाला म्हणाल्या, तुम्ही काळजी करू नका, मी ती पाकिटं माझ्या कपाटात ठेवते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी काकूंचा फोन आला. काकांचे थोरले भाऊ अचानक गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं, सगळं काकांनाच करायचं होतं. काकूंना हुंदका आवरत नव्हता. उज्वला म्हणाली, काकू, आता ऑपरेशनचं काही म्हणजे काही मनात आणू नका. सगळं आटोपू दे, मग निवांत फोन करा. मी सरांना सांगते. आणि तिनं फोन ठेवला.

ठेवता ठेवताच तिला आठवलं होतं की गोळीचं राहिलं. ऑपरेशन पुढे गेलं की गोळी पुन्हा चालू करायची, हे सांगणं तिचंच काम. पण ज्या घरात अजून माणूस उचललेलं नाही, तिथे लगेच उलट फोन करून गोळ्यांचं कसं बोलायचं? उद्या करू, म्हणाली. उद्या वाटलं, सुतकाचं घर, भेटायला येणाऱ्यांची रीघ असेल, खाली घोंगडीवर बसलेल्या बाईला दवाखान्याचा फोन, बरं दिसत नाही. परवा करू. परवा वैष्णवीला ताप आला. लेकीचं दहावीचं वर्ष. त्यानंतर सटाण्याहून पेशंट आले, दोन ऑपरेशनं झाली, आणि काकांचं नाव, तारीख नसल्यामुळे, रोजच्या बोलण्यातून निघून गेलं. भीतीनं उज्वलाला आयुष्यात कधी दगा दिला नव्हता. गॅस कधी चालू राहिला नव्हता, कुलूप कधी उघडं राहिलं नव्हतं. दगा दिला तो भिडेनं.

त्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी स्टुलावर बसली होती. समोर लोक होते. मणक्याच्या दवाखान्यात खुर्च्या रिकाम्या असतात आणि माणसं भिंतीला टेकून उभी असतात. त्यातल्या एकाला ती नंबर सांगत होती. फोन वाजला. सटाण्याहून योगेश; त्याच्या आईचं, लंकाबाईंचं, ऑपरेशन थोडं पुढे ढकललं होतं, कारण त्यांना खोकला झाला होता. तारीख त्याला कळली होती. तरी त्याचा एक प्रश्न होता.

"ताई, तारीख पुढे गई ना. मंग मायनी ती गोयी परत चालू करू का बंदच ठेवू?"

उज्वला उत्तर द्यायला लागली. थांबा, मी सरांना विचारून सांगते, असं म्हणता म्हणता तिची जीभ थांबली. जिन्याची पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि पायरीच नसावी, तसं झालं. योगेश पलीकडून हॅलो हॅलो करत राहिला. विचारून सांगते, असं तिनं त्याला कसंबसं म्हटलं आणि काकूंचा नंबर लावला.

मोबाइल बंद होता.

पुन्हा लावला. बंद. तिच्याकडे तेवढा एकच नंबर होता. काकू रडत म्हणाल्या होत्या ते आता तिच्या कानात लख्ख वाजलं, दहावा रामकुंडावरच करायचा. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. दहावा आजच होता.

म्हणजे तेवढे सगळे दिवस, आणि त्याच्या आधीचे ऑपरेशनसाठी थांबवलेले, असे मिळून काका गोळीशिवाय होते. हृदयाच्या डॉक्टरांनी जेवढी मुभा दिली होती, ती कधीच उलटून गेली होती. स्प्रिंगमध्ये रक्त साकळलं तर काय होतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. हेच सांगून तर ती पेशंटांना ऑपरेशननंतर गोळी वेळेवर चालू करायला लावायची. कदाचित त्यांनी आपली आपण चालू केलीही असेल. असेलच, तिनं स्वतःला सांगितलं. आणि लगेच तिला कळलं की नसेल. तिनं सांगितलं नव्हतं ना.

ती वर थिएटरच्या दाराशी गेली. सरांनी चीर दिलेली होती. प्रतिभा सिस्टर अर्धं दार उघडून, मास्क न काढता बाहेर आली. उज्वलानं सांगितलं तेव्हा मास्कच्या वर दिसणारे तिचे डोळे एकदा मिटले. मग ती हळू आवाजात बोलली. दोघी बारा वर्षांच्या मैत्रिणी. बोलणं मायेचंच होतं.

"आत्ता सरांचा हात नसेपाशी आहे. आत्ता मी त्यांना काही सांगणार नाही. आणि तू पण जरा शांत हो. संध्याकाळी फोन लागेलच ना? सांग त्यांना, आजपासून गोळी चालू करा म्हणून. त्यांना वाटेल, असंच असतं. कोणाला काय कळतंय, उज्वला."

जिन्यावरून खाली येताना उज्वलाच्या लक्षात आलं की हे खरंच होण्यासारखं आहे. संध्याकाळी फोन, नेहमीचा आवाज, आजपासून चालू करा काकू. काकू बरं म्हणतील, वर आभार मानतील. सरांना कळणार नाही. काउंटर राहील, स्टूल राहील, वैष्णवी दहावी होईल. तिच्या आत दोन भीती होत्या, एक स्वतःची आणि एक काकांची, आणि स्वतःची भीती फार शहाण्यासारखं बोलत होती. संध्याकाळपर्यंत थांब, म्हणत होती. काकांची भीती काहीच बोलत नव्हती. ती नुसती वाजत होती, न उचललेल्या फोनसारखी.

महेश खाली एका बाईंना पट्टा बांधत होता. त्याला तिनं बाजूला घेतलं. तो गंगापूरचा शेतकऱ्याचा पोरगा, आडदांड, कमी बोलणारा. त्यानं सगळं ऐकलं आणि स्कूटरची किल्ली खिशात आहे का ते चाचपलं. काउंटरवर कुणाला बसवायचं हा प्रश्न होता. तानुबाई हातातली फरशी पुसायची काठी भिंतीला लावून स्टुलावर जाऊन बसल्या.

"फोन आला तर काय सांगू?"

"नाव आणि नंबर घ्या. सर ऑपरेशनमध्ये आहेत म्हणा."

"सांगते. साहेब कापाकापीत हायेत, बाई गंगेवर गेली," तानुबाई म्हणाल्या. मग उज्वलाचा चेहरा बघून म्हणाल्या, "जा पोरी. आता लय इचार नको करू."

इंदिरानगरच्या बोगद्याशी गर्दी, मुंबई नाक्याला गर्दी, पुढे कुंभमेळ्याच्या कामांसाठी रस्ता जागोजाग उकरून ठेवलेला. महेश गल्लीबोळांतून काढत होता. मागे बसून उज्वला पुन्हा पुन्हा तो नंबर लावत होती आणि प्रत्येक वेळी रेकॉर्डवरची तीच बाई तिला तोच निरोप देत होती. आपला आवाजही लोकांना असाच वाटत असेल का, असं तिच्या मनात येऊन गेलं. ना आत माणूस दिसतं, ना परत काही विचारता येतं. सांगितलं ते सांगितलं. रविवार कारंजाच्या सिग्नलला तिनं गणपतीकडे पाहून हात जोडले, पण काय मागायचं ते सुचेना. फक्त आधी पोचू दे, एवढंच म्हणाली.

गंगेवर, गोदावरीच्या घाटावर, नेहमीची सकाळ होती. एकीकडे गुजरातच्या यात्रेकरूंची आंघोळ, फोटो, भेळेची गाडी; दुसरीकडे पायऱ्यांवर पाच-सहा घोळके, प्रत्येकाचा आपला गेलेला माणूस आणि आपले गुरुजी. उज्वला एकेका घोळक्यातले चेहरे बघत निघाली. काकांना तिनं दोनदाच पाहिलं होतं, तेही पांढऱ्या दाट केसांचे. आता सगळीकडे तुळतुळीत डोकी. शेवटी काकूच दिसल्या, वरच्या पायरीवर, गुडघ्याला हात टेकून बसलेल्या.

उज्वला त्यांच्याजवळ जाऊन खाली बसली. ओळख सांगितली. काकूंनी आधी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग, आवाज ओळखीचा लागल्यावर, तिचा हातच धरला. आवर्जून आलात, म्हणाल्या. मोबाइल चार्ज करायचाही राहिलाय बघा या धावपळीत. उज्वलानं विचारलं, काकू, काकांची ती गोळी?

"मुळीच हात लावू दिला नाही," काकू म्हणाल्या. "परवा हेच म्हणत होते, आता ऑपरेशन लांबलंय तर घेऊ का. मी म्हटलं, नाही. मॅडमनी सांगितलंय, मी सांगेपर्यंत नाही. तुमचा फोन आल्याशिवाय मी कपाट उघडणार नव्हते."

त्या हे अशा विश्वासानं म्हणाल्या की उज्वलाला क्षणभर काही दिसेनासं झालं.

खाली सगळे थांबलेले होते. पिंड मांडलेले, आणि कावळा शिवत नव्हता. दगडावर तीन-चार कावळे बसले होते, खाली उतरत होते, जवळ येऊन मान वाकडी करत होते आणि मागे सरत होते. लोक कुजबुजत होते की गेलेल्याचं कशात तरी मन अडकलंय. काकांचा मुलगा विश्वेश, पुण्याहून आलेला, हात जोडून मोठ्यानं म्हणत होता की थोरल्या काकूला आम्ही सांभाळू, घर विकणार नाही. चुलत पुतण्या ज्ञानेश, तोच गुरुजी, अशा वेळी कुणी मध्ये पडत नाही म्हणून लांब उभा होता. आणि काका पिंडांसमोर ओल्या पंच्यानं बसलेले, एक हात मागे टेकलेला, दुसरा छातीच्या डाव्या बाजूला अंगाशी धरलेला. ऊन अजून कोवळं होतं. त्यांच्या मुंडण केलेल्या डोक्यावरून घाम कानामागे ओघळत होता.

काकू म्हणाल्या, सकाळपासून पाठीत कळ येतेय म्हणतात. जबडापण दुखतोय. जमिनीवर बसणं झेपत नाही हो त्यांना, मणक्यामुळे. तेवढं एकदा झालं की नेऊन निजवते.

उज्वला उठली. अशा वेळी पिंडापाशी परक्या बाईनं जाऊ नये, हे तिला नांदगावच्या घरापासून ठाऊक होतं. कुणाच्या सुतकात कामाचं बोलू नये हेही असंच ठाऊक होतं. तिनं चप्पल काढली आणि पायऱ्या उतरून थेट काकांसमोर जाऊन बसली. कावळे उडाले. मागून कुणीतरी, अहो बाई, म्हणालं. विश्वेश पुढे आला.

"काका, मी उज्वला. दवाखान्यातली. तुमची गोळी मी बंद करायला लावली. ऑपरेशन पुढे गेलं तेव्हा ती पुन्हा चालू करा म्हणून सांगायचं काम माझं होतं. मी सांगितलं नाही. माझ्याकडून राहिलं. ही कळ मणक्याची नसेल काका. तुम्ही आत्ता उठा."

तिचा आवाज कापत होता; फोनवरचा तो जड आवाज कुठल्या कुठे गेला होता. सगळा घोळका ऐकत होता. विश्वेश एकदा तिच्याकडे आणि एकदा वडिलांकडे बघत राहिला. मग त्याला अर्थ लागला आणि त्याचा चेहरा पालटला.

काका म्हणाले, "कावळा शिवला की उठतो. दादा अजून अडकलाय."

"काका, तुम्हाला इथे काही झालं तर ते आणखीच अडकतील ना," उज्वला म्हणाली. "उठा हो. मी पाया पडते तुमच्या."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग श्वास घ्यायला थांबले. तो श्वास पुरा आत गेलाच नाही. तेव्हा त्यांनाही कळलं. घाटावरच्या विधींत जन्म गेलेल्या घरातला माणूस तो. त्यांनी मान वळवून ज्ञानेशला एवढंच सांगितलं की दर्भाचा कर. कावळा शिवतच नसेल तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात, ही सोय शास्त्रानंच ठेवलेली. ज्ञानेशचे हात भराभर चालले. दर्भ वळला, पिंडाला लागला, काकांनी हात जोडले, आणि जोडलेले हात तसेच छातीशी राहिले.

पुढचं सगळं उज्वलाला नंतर तुकड्यातुकड्यांनी आठवायचं. तिनं दवाखान्यात लावलेला फोन. प्रतिभानं या वेळी काही न विचारता तो सरांच्या कानाशी धरला. सरांचा आवाज, हळू आणि कोरडा: त्यांना एक पाऊल चालवू नका, ॲस्पिरिन चावायला द्या, जवळच्या हृदयाच्या हॉस्पिटलला न्या, मी तिथे फोन करतो. महेश औषधाच्या दुकानाकडे धावला तो गोळी आणि चहावाल्याची प्लास्टिकची खुर्ची घेऊनच परत आला. रस्ता उकरलेला, गाडी खालपर्यंत येणार नव्हती. महेशनं काकांना त्याच्या पद्धतीनं उचललं, पाठ जराही न वाकवता, आणि खुर्चीत ठेवलं. एका बाजूनं तो, एका बाजूनं विश्वेश. इतक्या पायऱ्या आणि इतकं मोठं अंग. काकू मागून नुसत्या चालत होत्या. वर दगडावर कावळे परत येऊन बसले होते.

हॉस्पिटलच्या बाकावर सगळे ओळीनं बसले होते. आतून एक डॉक्टर येऊन सांगून गेले की स्प्रिंग बंद होत आली होती, नळी उघडतोय. विश्वेश त्यानंतर उज्वलासमोर येऊन उभा राहिला. मोठ्यानं बोलला नाही. "बाबांना काही झालं तर मी तुम्हाला सोडणार नाही," म्हणाला. "तुम्हाला, तुमच्या सरांना, कोणालाच नाही." उज्वलानं मान डोलावली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिच्या वडिलांच्या बाबतीत कुणी असं केलं असतं तर तीही हेच म्हणाली असती. महेश पुढे व्हायला लागला, त्याला तिनं हातानंच थांबवलं.

दुपारी सर आले. नाकावर मास्कचा वळ तसाच. ते थेट आत गेले, बऱ्याच वेळानं बाहेर आले आणि आधी काकूंशी बोलले. नळी उघडली होती. जिवाला धोका टळल्यासारखा होता; पुढचे दोन दिवस महत्त्वाचे. मग विश्वेशला ते म्हणाले की पेशंट माझा होता, गोळी थांबवायचा निर्णय माझा होता, ती सुरू झाली का हे बघणं शेवटी माझ्याकडे येतं. तुम्हाला जे विचारायचं ते मला विचारा. विश्वेशनं बरंच विचारलं. सरांनी उभ्या उभ्या सगळं ऐकून घेतलं.

मग ते उज्वलाजवळ आले.

"तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

"सगळं सांगितलं, सर. घाटावर. सगळ्यांसमोर."

सर थोडा वेळ गप्प राहिले. त्यांच्या त्या गप्प राहण्याला ती बारा वर्षं भीत आली होती. आता ती वाट बघत बसली, उद्यापासून येऊ नका हे शब्द कोणत्या सुरात येतात त्याची. सर म्हणाले, "घरी जा. जेवा काहीतरी. उद्या लंकाबाईंच्या घरी फोन करायचाय, गोळीचा. तो तुम्हीच करा. मी शेजारी बसेन."

सर शेजारी बसणार म्हणजे विश्वास की पहारा, हे तिला रात्रभर उलगडलं नाही. अमितनं विचारलं काय झालं, तेव्हा तिनं सांगितलं; तो ताट वाढून घेऊन तिच्यासमोर बसला. झोपायच्या आधी तिनं गॅस तीनदा बघितला.

दुसऱ्या दिवशी योगेशला फोन लावताना तिनं नंबर दोनदा ताडून पाहिला. सर खरंच शेजारी बसले होते. गोळी आजपासून चालू करायची आणि पुन्हा कधी बंद करायची ते तिनं सांगितलं, आणि मग सवयीनं ते वाक्य ओठांवर आलं. ते तिला म्हणवलं नाही. ती म्हणाली, तारीख पुढेमागे झाली, घरात कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, काहीही झालं तरी आधी मला फोन करायचा; आणि तुम्ही नाही केलात तर मीच करीन, वेळ कुठलीही असो, तुम्हाला बरं वाटो न वाटो. योगेश म्हणाला, "बरं शे ताई." सर उठून आत गेले. दुसऱ्या पेशंटच्या फोनलाही ते येऊन बसले, तिसऱ्याच्याही. पुढे कधीतरी त्यांनी बसणं सोडलं.

काका घरी आले. विश्वेशनं पुढे काही केलं नाही, पण फोनही केला नाही. मणक्याचं ऑपरेशन मात्र आता लांबलं. नवी स्प्रिंग बसली होती, वर्षभर तरी गोळीला खंड नाही. म्हणजे वर्षभर काकांचे पाय तसेच, लाकडासारखे, या खांबापासून त्या खांबापर्यंत. महेश आठवड्यातून एकदा कामावरून परस्पर पंचवटीत जायचा आणि त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायचा. तो आला की उज्वला विचारायची, किती चालतात? तो जे सांगेल ते ऐकून ती मान खाली घालून कामाला लागायची. ते खांब तिनं न पाहता तिला पाठ झाले होते.

काकांना घरी नेलं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात काकूंचा फोन आला. नंबर बघूनच उज्वलाचे कान गरम झाले. उचलेपर्यंत तीन वेळा वाजला, काउंटरवर बसल्यापासून एवढा कुठला वाजला नव्हता. काकूंचा आवाज थकलेला होता. पट्टा रात्री काढायचा का, एवढंच विचारायचं होतं. उज्वलानं सांगितलं. मग दोघीही फोन ठेवेनात.

"नवी गोळी लिहून दिलीय," काकू म्हणाल्या. "हृदयाच्या डॉक्टरांनी बजावलंय, वर्षभर ही थांबवायची नाही. कोणीही सांगितलं तरी नाही." त्या अडखळल्या. "तुम्ही सांगितलं तरी नाही बरं का."

मागून काकांचा आवाज आला, पूर्वीपेक्षा बारीक. स्पीकर लावलेलाच होता. अगं, त्यांना काय बोलतेस, म्हणत होते.

"बोलू दे त्यांना, काका," उज्वला म्हणाली. डोळे भरून आले होते आणि समोर भिंतीला टेकून तीन पेशंट उभे होते. "काकू, मी सांगितलं तरी नाही. आणि आज घेतली का त्यांनी? जाऊन बघा. मी धरते फोन."

पलीकडे काकूंच्या चपला वाजल्या, कपाट उघडल्याचा आवाज आला. उज्वला फोन कानाशी घट्ट धरून बसून राहिली. तानुबाईंनी पुढ्यात चहा आणून ठेवला. त्यावर साय धरली तरी तिनं फोन ठेवला नाही.